दहा महिन्यांचं बाळ, साडेतीन वर्षांची ताई आणि थीम पार्कचा एक दिवस

प्रश्न असा आहे: ‘आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. नाताळच्या सुट्टीत नणंदेचा नऊ वर्षांचा मुलगा येतोय, त्याला इमॅजिकाला जायचंय. सासू-सासरेही सोबत असतील. पहाटे निघून रात्री परत यायचं ठरतंय. काहीजण म्हणतात त्यापेक्षा शिर्डीचं वॉटर पार्क जवळ पडेल. एवढ्या लहान बाळाला न्यावं का? आणि न्यायचं तर कसं?’

जा, जरूर जा. फक्त तीन बदल करा. एका दिवसात जाऊन-येऊन नको, नाताळच्या आठवड्यात नको आणि वॉटर पार्क या खेपेला नको.

मी नाशिकमध्ये लहान मुलांची डॉक्टर आहे. दिवाळीची, नाताळची, मे महिन्याची सुट्टी संपत आली की सहलींहून परतलेली मुलं दवाखान्यात यायला लागतात. त्यातल्या फार थोड्यांना राइडवर काही लागलेलं असतं. बाकीच्यांना त्रास होतो तो उन्हाचा, मोडलेल्या झोपेचा, चुकलेल्या दुधाचा आणि लांबच्या प्रवासाचा. म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीवर येतं: दिवसाची आखणी बाळाच्या झोपेच्या आणि दुधाच्या वेळांवरून करा आणि राइड्स त्यात बसवा. असं केलं तर नऊ वर्षांच्या भाच्यालाही जास्त मजा येते, कारण रडणारं बाळ घेऊन कुणी त्याला ‘चल आता, बास झालं’ म्हणत नाही.

आधी प्रवासाचं बघू. खोपोलीजवळचं इमॅजिका नाशिकहून साधारण दोनशे किलोमीटर पडतं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टाळता येतो हे खरं, पण आमणेच्या पुढे भिवंडी, मुंब्रा बायपास, शिळफाटा, कळंबोली ही गर्दी चुकत नाही. थांबे धरून एका बाजूला चार ते पाच तास पकडा. जाऊन-येऊन आठ-दहा तास गाडीत आणि मधे सात-आठ तास पार्कात, हा दिवस मोठ्या माणसालाही झेपत नाही. दहा महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत १२ ते १६ तास झोप लागते आणि साडेतीन वर्षांच्या मुलीला १० ते १३ तास. ती झोप अशा दिवसात बसणारच नाही. आदल्या दिवशी दुपारी जेवून निघा, रात्री खोपोलीच्या बाजूला मुक्काम करा आणि सकाळी ताजेतवाने पार्कात जा. मुक्कामाचा खर्च वाढतो हे मला कळतं. पण तिकिटांवर एवढे पैसे घालून अर्धा दिवस रडण्यात घालवण्यापेक्षा तो खर्च योग्य जागी जातो, असं माझं मत आहे.

गाडीत बाळ कुणाच्या मांडीवर, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की सीट सुचवली की घरचे नाराज होतात. तरी मी हे दर वेळी सांगते. अचानक ब्रेक लागला तर नऊ किलोचं बाळ कुठल्याही आजीच्या हातात राहू शकत नाही, तिचा जीव बाळावर कितीही असो. बाळासाठी मागच्या सीटवर, तोंड मागे करून बसवायची चाइल्ड सीट घ्या. पुढच्या एअरबॅग असलेल्या सीटवर ती कधीही लावायची नाही. तुमच्या मुलीलाही तिची स्वतंत्र सीट हवी. कायदाही हेच सांगतो: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बी नुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड आहे. विकत घेणं परवडत नसेल तर नात्यातल्या एखाद्या घरात माळ्यावर पडलेली सीट सापडते. मात्र तिचा पट्टा, बक्कल आणि ती अपघातातून गेलेली नाही ना, हे विचारून घ्या.

सीटमध्ये बाळाला सलग दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. समृद्धीवर चढण्याआधी इगतपुरीला थांबा, बाळाला पाजा, लंगोट बदला, पाठ मोकळी होऊ द्या. दूध पाजणं चालत्या गाडीत नको, थांबूनच. नाशिक-इगतपुरीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर आणि खोपोली जवळजवळ सपाटीला, त्यामुळे सह्याद्री उतरताना कानात दडे बसतात. मोठी माणसं आवंढा गिळून मोकळी होतात, बाळाला ते जमत नाही, मग ते एकदम किंचाळायला लागतं. त्या वेळी चोखणी, किंवा गाडी सुरक्षित जागी थांबवून वाटी-चमच्याने दोन घोट, एवढ्यावर बहुतेकदा भागतं. नाक चोंदलं असेल तर निघण्याआधी मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब घाला.

आणि एक कळकळीची विनंती. ‘प्रवासात शांत झोपावं’ म्हणून सर्दीचं औषध पाजायचं नाही. सर्दीच्या सिरपमध्ये येणारं क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. प्रोमेथाझिनसारखी औषधं दोन वर्षांखाली द्यायचीच नसतात, त्यांनी श्वास मंदावू शकतो. तसंही गाडी लागणं हा त्रास दोन वर्षांच्या आत क्वचितच होतो.

नाताळ नको म्हटलं त्याचं कारण गर्दी. २५ डिसेंबर ते १ जानेवारी या काळात एकेका राइडला तास-तास रांग लागते आणि तो तास बाळाला उन्हात, गोंगाटात, कडेवर काढावा लागतो. भाच्याची शाळा कधी सुरू होते ते बघा. जानेवारीत मंगळवार-बुधवारचे दोन दिवस त्याला रजा मिळाली तर तीच सगळ्यात चांगली वेळ. नाशिकला पहाटे दहा अंशांच्या खाली थंडी असते आणि खोपोलीला दुपारी चांगलं ऊन, म्हणून जाड स्वेटर एक आणण्यापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घाला, म्हणजे एकेक उतरवता येतो. मार्च उजाडला की बाळाला घेऊन उघड्या पार्कात जाऊ नये या मताची मी आहे. पावसाळ्यात खोपोली भागात धो-धो पाऊस पडतो आणि उघड्यावरच्या राइड्स विजा चमकल्या की थांबवाव्याच लागतात.

आता उंचीची गोष्ट, कारण घरातला अर्धा हिरमोड इथेच होतो. आपल्याकडच्या पार्कांत तिकीट आणि राइड दोन्ही बहुतेक ठिकाणी वयावर नाही, उंचीवर ठरतात. घरीच, चपला काढून, भिंतीला टाच टेकवून तिघांची उंची मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दहा महिन्यांच्या मुलाची मधली लांबी ७३ सेंटिमीटर आहे, साडेतीन वर्षांच्या मुलीची उंची ९९ सेंटिमीटर, म्हणजे सव्वातीन फूट, आणि नऊ वर्षांच्या मुलाची १३३ च्या आसपास. मोठ्या रोलर कोस्टरना १२० किंवा १४० सेंटिमीटरची अट सर्रास असते. म्हणजे तुमचा भाचाही काही राइड्सना परत पाठवला जाऊ शकतो. हे त्याला नाशिकलाच सांगून ठेवा. दीड तास रांगेत उभं राहून पट्टीखाली दोन सेंटिमीटर कमी पडणं हे नऊ वर्षांच्या मुलाला फार लागतं. आणि टाचेचे बूट घालून, केस वर बांधून ती उंची भरून काढायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. सीटचा दांडा त्या उंचीच्या शरीराला धरण्यासाठी बनवलेला असतो. लहान मूल त्यातून सरकतं.

साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी इमॅजिकात घोड्यांचं कॅरोसेल, टबी नावाच्या हत्तीची हळू उडणारी राइड आणि बो वाव या कुत्र्याचा बसून बघायचा कार्यक्रम, एवढ्यावर तिचा दिवस भरून जाईल. राइड्स दुरुस्तीसाठी बंद असतात किंवा बदलतात, त्यामुळे त्या दिवशी गेटवरच काय चालू आहे ते विचारा. सलीमगढ ही भुतांची अंधारकोठडी आणि रॅथ ऑफ द गॉड्स हा आग-पाणी-भूकंपाचा खेळ तिला दाखवू नका. तिला सोबत घेऊन बसायला परवानगी मिळेलही, तरी नको. तीन-साडेतीनच्या वयात खरं काय आणि खोटं काय हा भेद पक्का झालेला नसतो. तिथे बघितलेलं ती महिनाभर रात्री बघत बसेल. मुखवटे घातलेल्या मोठ्या बाहुल्यांचंही तसंच. फोटोसाठी ढकलू नका. लांबून हात हलवू द्या, ती जवळ गेली तर जाऊ द्या.

तिला किती झेपतं याचा अंदाज तुम्हाला नाशिकमध्येच घेता येईल. नवरात्रात कालिका देवीच्या यात्रेत ती पाळण्यात बसली होती का? भोंग्यांच्या आवाजात हसत होती की तुमच्या खांद्यात तोंड खुपसून बसली होती? हे आठवलं तर अर्धं उत्तर मिळालं. नसेल नेलं, तर जाण्याआधीच्या एखाद्या रविवारी पांडवलेण्याच्या पायथ्याला फाळके स्मारक किंवा नेहरू वनोद्यान आहे, तिथे दोन्ही मुलांना घेऊन सगळा लवाजमा जसा नेणार तसाच न्या आणि चार तास काढा. बाबागाडीचं चाक कुठे अडतं, कोणती पिशवी उगाच उचलली, बाळ किती वाजता कुरकुरायला लागतं, सासऱ्यांचे गुडघे किती चालून दुखतात, हे सगळं तिथे कळतं आणि घर वीस मिनिटांवर असतं.

बाळाला राइडवर बसवायचं का? दहा महिन्यांच्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मानेचे स्नायू अजून कोवळे असतात. झटका बसणारी, गरकन फिरणारी, एकदम खाली येणारी कुठलीही राइड नको, मोठ्यांच्या मांडीवरसुद्धा नको. कॅरोसेलवर घोड्याऐवजी बाकासारखी बैठक असते, तिथे मांडीवर घेऊन एक फेरी, संथ बोटीतून एक चक्कर, इतपत ठीक. त्याहून जास्त त्याला काही नको असतं. बाळाला आवडतात फिरते रंग, झाडाची पानं, आजोबांची टोपी. त्याला त्या पार्कातही तेच द्या.

आवाजाकडे मात्र लक्ष हवं. साधी ओळख सांगते: हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला तर तिथला गोंगाट ८५ डेसिबलच्या घरात गेलेला असतो. स्पीकरच्या समोर, बंद थिएटरात, परेडच्या पहिल्या रांगेत बाळाला घेऊन उभं राहू नका. लहान मुलांचे कान झाकणारे इअरमफ मिळतात, ते घेतले तर उत्तम. कानात कापसाचे बोळे घालून फारसा उपयोग होत नाही.

दिवसाची आखणी साधारण अशी करा. या वयाची बाळं बहुधा दिवसातून दोनदा झोपतात, सकाळी साडेनऊ-दहाला आणि दुपारी दीड-दोनला. पार्क उघडताना आत जा. मुलीच्या दोन-तीन राइड्स पहिल्या तासात उरकतात, कारण तेव्हा रांगा नसतात, आणि बाळ तोवर बाबागाडीत झोपलेलं असतं. एकाच वेळी एक मोठा माणूस भाच्याबरोबर त्याच्या मोठ्या राइड्सना निघून जाऊ दे. साडेबाराला सगळ्यांनी एकत्र जेवा. एक ते साडेतीन उन्हात कुणीच नको. वातानुकूलित जागा, सावली, बाळाची झोप, मुलीला मांडीवर घेऊन गोष्ट. जवळच मुक्काम असेल आणि हातावर शिक्का मारून परत आत घेत असतील तर खोलीवर जाऊन या. मग दोन तास पुन्हा, आणि पाच वाजता बाहेर. रात्रीची रोषणाई आणि परेड राहून जाईल. राहू द्या. भाच्याचा हट्ट असेल तर त्याच्यासोबत एक जण मागे राहील, बाकीचे खोलीवर जातील. त्या रात्रीही मुक्काम केलात तर सगळ्यात बरं, निदान गाडी चालवणारा माणूस तरी ताजा राहील.

तुमच्यासाठी पण राइड्स आहेत, हे आया विसरतात. एक जण बाळाला घेऊन बाहेर थांबतो, दुसरा बसून येतो आणि मग अदलाबदल, अशी सोय काही पार्कांत रांग पुन्हा न लावता करून देतात. राइडच्या दारावरच्या माणसाला विचारा, संकोच करू नका. दिवस राहिलेले असतील किंवा तशी शंका असेल, तर मात्र कुठलीही झटक्याची राइड नको. सासऱ्यांना रक्तदाब, हृदयाचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर त्यांनाही नको.

बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून ओढणी किंवा शाल टाकायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. कृपा करून हे करू नका. कापडाच्या आत हवा कोंडते आणि बाहेरपेक्षा कितीतरी जास्त तापते, आणि बाळाचा चेहराही दिसत नाही. बाळाचं शरीर वजनाच्या मानाने जास्त पृष्ठभागाचं असतं, त्याला घाम कमी येतो आणि तहान लागली हे सांगता येत नाही, म्हणून ते आपल्याआधी तापतं. गाडीला चिकटवायची छत्री घ्या, रुंद काठाची सुती टोपी घाला, मानेला ओलं फडकं लावा. सहा महिन्यांवरच्या मुलांना एसपीएफ ३० चं सनस्क्रीन उघड्या भागाला चालतं, बाहेर पडायच्या पंधरा मिनिटं आधी आणि दर दोन तासांनी पुन्हा. बाळाला छातीशी बांधायची कांगारू पिशवी रांगेत सोयीची, पण तिच्यात दोघांच्या अंगाची ऊब साठते. बाळाची हनुवटी छातीला टेकलेली नाही आणि नाक-तोंड मोकळं दिसतंय, हे अधूनमधून बघत राहा.

लंगोट हा तुमचा मापक. सहा तासांत एकदाही ओला झाला नाही, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, बाळ मलूल पडलंय, असं काहीही दिसलं तर सहल तिथेच थांबवा आणि प्रथमोपचार केंद्र गाठा.

खाण्यापिण्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बिघडतं ते इथेच. अंगावरचं दूध चालू असेल तर तुमचं ओझं निम्मं झालं. आत गेल्या गेल्या बाळासाठी खोली आहे का, कुठे आहे, हे विचारून घ्या. नसली तर उपहारगृहाचा कोपरा आणि सासूबाईंची पाठ आड, हे पुरतं. गरमीत नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा आणि स्वतः पाणी पीत राहा. इथे इतर वाचकांसाठी सांगते: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातसुद्धा वरचं पाणी नको, आईच्या दुधातलं पाणी त्याला पुरतं. तुमचं बाळ दहा महिन्यांचं आहे, त्याला उकळून गार केलेलं पाणी घोट-घोट द्या.

वरचं दूध असेल तर कोमट दूध थर्मासमध्ये भरून नेऊ नका. ही सवय फार घरांत आहे आणि त्या कोमट दुधात तासाभरात जंतूंची पैदास सुरू होते. थर्मासमध्ये उकळतं पाणी न्या, पावडर कोरड्या डबीत मोजून न्या आणि लागेल तेव्हा ताजं बनवा. पावडर कालवताना पाणी किमान ७० अंशांचं हवं, मग ते निववून पाजा. दोन तासांच्या वर उरलेलं दूध ओतून द्या, वाया गेलं म्हणून हळहळू नका.

पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, पण बाळाच्या खाण्याला सहसा हरकत नसते. तिकीट काढतानाच फोन करून पक्कं करा. बाळाला नाचणीचं सत्त्व, केळं, मऊ भाताचं खिमट, उकडलेला बटाटा कुस्करून. मुलीला दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी, ती दिवसभर मऊ राहते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, थोडासुद्धा.

जानेवारी म्हणजे आपल्याकडे द्राक्षांची सुरुवात. नाशिककर सहलीला निघालाय आणि सोबत द्राक्षं नाहीत असं होत नाही. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका. ते गुळगुळीत, गोल आणि बरोबर श्वासनलिकेच्या मापाचं असतं, बूच बसल्यासारखं अडकतं. उभे चार काप करून द्या. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न तर दोघांनाही नकोच, आणि पार्कात पॉपकॉर्न पावलोपावली मिळतं. चालताना, पळताना, राइडवर हसताना तोंडात घास नको. एवढं करूनही अडकलंच आणि बाळाला रडता-खोकता येईना, तर वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीवर खांद्यांच्या मधे पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाच दाब, आणि वस्तू बाहेर येईपर्यंत हेच आलटून पालटून. बाळ बेशुद्ध पडलं तर लगेच मदतीला हाक मारा आणि श्वास व छातीचे दाब सुरू करा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. जाण्याआधी घरातल्या दोघांनी तरी बाहुलीवर हे करून बघा.

शिर्डीच्या पर्यायाबद्दल. नव्वद किलोमीटरच्या आसपास, सिन्नरमार्गे रस्ता सरळ, एका दिवसात होण्यासारखं. पण थंडीत वॉटर पार्क दहा महिन्यांच्या बाळाला नको. पाण्यात त्याचं अंग फार लवकर गार पडतं. दुसरं कारण जुलाबाचं. पोहण्याचा डायपर शी अडवतो, पण जंतू अडवत नाही, आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू नीट क्लोरिन घातलेल्या पाण्यातही कित्येक दिवस तग धरतो. हे जगातल्या कुठल्याही तलावाला लागू आहे. बाळ पाणी गिळतंच. पुढच्या वर्षी, ऊन असेल तेव्हा, दोघांना उथळ हौदात अर्धा-पाऊण तास जरूर खेळवा. तेव्हा दोन गोष्टी आठवा. घसरगुंडीवर मुलाला मांडीत घेऊन उतरू नका. त्याचा बूट किंवा पाय कडेला अडकतो, मागून तुमचं वजन येतं आणि नडगीचं हाड मोडतं, आणि हे प्रेमाने मांडीत घेतल्यामुळेच होतं. आणि दंडाला बांधायच्या फुग्यांवर विसंबू नका. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हात मारत नाही, गपकन खाली जातं. कुणीतरी एक मोठं माणूस हात पोचेल इतक्या अंतरावर, मोबाइल बाजूला ठेवून.

शिर्डीलाच जायचं ठरलं तर साई तीर्थ हे पार्क आहे. तिथला बराचसा भाग छताखाली, बसून बघण्याचा, त्यामुळे सासू-सासऱ्यांनाही झेपेल. फक्त लंकादहनाचा कार्यक्रम मोठ्या आवाजाचा आणि हलणाऱ्या खुर्च्यांचा असतो. तेवढा वेळ बाळाला घेऊन एक जण बाहेर बसा.

सहा-सात मोठी माणसं सोबत असली की मुलं जास्त सुरक्षित, असं वाटतं. उलट होतं. आईला वाटतं आजोबांकडे आहे, आजोबांना वाटतं आत्याकडे. म्हणून दर तासाला नाव घेऊन, मोठ्याने ठरवा: ‘आता चार वाजेपर्यंत मुलगी बाबांकडे, बाळ माझ्याकडे.’ सोपवताना तोंडाने सांगा आणि समोरच्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय हात सोडू नका. सकाळी आत जातानाच दोन्ही मुलांचा त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो काढा. मुलीच्या मनगटावर पेनाने तुमचा मोबाइल नंबर लिहा, नाव नको. चुकलीच तर ‘जिथे आहेस तिथेच उभी राहा आणि गणवेशातल्या काकांना सांग’ हे तिच्याकडून घरी दोनदा म्हणून घ्या. पाच मिनिटांत सापडली नाही तर स्वतः शोधत फिरू नका, आधी दारं रोखायला सांगा. ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे नंबर फोनमध्ये हवेत, रुग्णवाहिकेसाठी १०८.

औषधांच्या पिशवीत फार काही नको. तापाचं पॅरासिटामॉल, पण बाळाचे थेंब आणि मुलीचं सिरप यांची तीव्रता वेगळी असते, म्हणून दोन्ही बाटल्यांवर नाव आणि वजनानुसार तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा लिहून ठेवा. थर्मामीटर, चिकटपट्टी, आणि ओआरएसची पाकिटं. पाकीट आख्खं, त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, अर्धं-अर्धं नाही. ओआरएस म्हणून विकली जाणारी गोड सरबतं घेऊ नका. त्यांत साखर फार असते आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरायला बंदी घातली, तरी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का ते वाचून घ्या.

परत आल्यावर दोन दिवस मुलांना घरीच ठेवा आणि झोप भरून काढू द्या. पुढच्या आठवड्याभरात जुलाब झाले तर घाबरू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा, प्रत्येक पातळ शी नंतर ओआरएस चमच्या-चमच्याने द्या, आणि झिंक १४ दिवस, डॉक्टरांना मात्रा विचारून, जुलाब थांबले तरी पूर्ण करा. शीमध्ये रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, काहीच पीत नाही किंवा उठवलं तरी डोळे नीट उघडत नाही, यातलं एक जरी झालं तरी रात्र असली म्हणून सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात न्या.